दातांसकट मुंडी

दुइसेनबाय चहा प्यायचा तो ऐकवत नसे. घोट तोंडात घ्यायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा, सोन्याच्या दातांच्या फटींतून चूळ भरल्यासारखा खळखळवायचा आणि मग गिळायचा. गिळला की 'हाऽऽ' करायचा. मग काडेपेटीतली काडी काढून दाढेत घालायचा, तिथे काल दुपारचं काही सापडलं तर ते काडीच्या टोकावर धरून निरखायचा आणि परत तोंडात टाकायचा. हे सगळं धाकट्या भावाच्या घरी, दारासमोरच्या मानाच्या जागेवर, पाठीशी तीन उशा घेऊन, दिवसातून दोनदा.

समोवाराशी बसून त्याचा प्याला भरणारी बातिमा, म्हणजे त्या धाकट्या भावाची बायको, हे तीस वर्षं बघत आली होती. प्याला अर्धाच भरायचा आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा. काठोकाठ भरला तर पाहुण्याला 'आता उठा' म्हटल्यासारखं होतं. एकदा, फक्त एकदाच काठोकाठ भरून द्यावा, असं तिच्या मनात हजारदा आलं असेल. पण भरला कधी नाही. दात आवळले आणि अर्धा दिला.

केगेनच्या खोऱ्यात बापाचं घर धाकट्या लेकाला जातं. त्यामुळे घराचा धनी बातिमाचा नवरा तोलेगेन होता, आणि थोरला दुइसेनबाय तीन घरं पलीकडे वेगळा राहत होता. पण म्हणून काय झालं? बापाचं घर ते आपलंच, आणि बापामागे थोरला म्हणजे बापच. तोलेगेन मुळात गरीब गाय. शाळेची बस चालवायचा, आणि घरी आला की थोरला भाऊ म्हणेल त्याला मान हलवायचा.

आवळून आवळून बातिमाच्या जबड्याचं पार वाटोळं झालं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी तिच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. सकाळी उठली की कानशिलं ठणकायची, आणि तोंड उघडलं की कानापुढे 'कट्' असा आवाज यायचा. "रात्रभर जात्यावर बसलेली असतेस," तोलेगेन सकाळी म्हणायचा, "काय दळतेस एवढं?" जाऊबाई काम्शात म्हणाली, जंत झालेत, लसूण खा. बातिमाने दोन महिने कच्चा लसूण खाल्ला. जंत गेले असतील तर असोत, पण तोंडाला असा वास यायला लागला की तिची तिलाच शिसारी यायची. आणि त्या वसंतात एके दिवशी बौरसाकचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्याचा, साधा तुकडा तोंडात घालायला गेली तर तोंड उघडेना. जेमतेम एक बोट शिरेल एवढीच फट राहिली.

मग अल्माटीत नोकरी करणारी लेक साउले तिला ओढतच दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढले, रात्री घालायला दातांवरचं एक टोपण दिलं आणि सांगितलं की सांधा आखडलाय, स्नायू दगड झालेत, रोज व्यायाम केला नाही तर सुरी लावावी लागेल. आता केगेनहून अल्माटी म्हणजे जाऊन-येऊन दिवसभराचा रस्ता. दर आठवड्याला कोण जाणार? तेव्हा त्यांनीच दाना नावाच्या मुलीशी गाठ घालून दिली. ती फोनवर समोर दिसायची, आणि तिथूनच व्यायाम करून घ्यायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बातिमा पिठाच्या डब्याला फोन टेकवून बसायची. दाना सत्तावीस-अठ्ठावीसची, केस आखूड कापलेले, बोलायला चुरचुरीत.

"बातिमा मावशी, फोन जवळ घ्या. अजून. अंधार दिसतोय. दिवा लावा ना."

दिवा लावला की पडद्याच्या कोपऱ्यात बातिमाला स्वतःचं तोंड दिसायचं. पांढरट जीभ, गालाच्या आत दातांनी पाडलेली रेघ, दाढांवरच्या जुन्या काळातल्या दोन लोखंडी टोप्या, आणि सगळ्याला सुटलेली लाळ. तिला स्वतःचाच वीट यायचा. एवढी शिकलेली पोर रोज हे असलं कसं बघत असेल, दुपारचं जेवण तिच्या पोटात राहत तरी कसं असेल, असं तिला वाटायचं.

"आता जिभेचं टोक टाळूला, वरच्या दातांच्या मागे. तिथेच धरून हळू उघडा. कट् वाजायच्या आधी थांबा. हं. मिटा. सहा वेळा. मग हनुवटीखाली मूठ धरा आणि मुठीला दाबत उघडा. आणि मावशी, मंत्र काय आपला?"

"ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

दानाने आणखी दोन कामं लावून दिली होती. एक म्हणजे घरात जिथे जिथे नजर जाते तिथे रंगीत ठिपका चिकटवायचा, आणि ठिपका दिसला की आधी दात सोडायचे. बातिमाने तोलेगेनची वायरींना गुंडाळायची लाल चिकटपट्टी कापून तुकडे केले. एक समोवाराच्या तोटीवर, एक पावाच्या पेटीवर, एक तोंड धुवायच्या आरशावर. आणि एक मानाच्या जागेच्या मागे, भिंतीवर, दुइसेनबाय टेकून बसला की त्याच्या डोक्यावर चार बोटं येईल असा.

"हे काय चिकटवलंय?" त्याने विचारलं.

"भिंतीला भोक पडलंय, भाऊजी."

दुसरं काम वहीचं. दात आवळलेले लक्षात आले की वेळ लिहायची, आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही. घरातल्या थोरल्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, तसं लिहायचंही तिच्या हाताला जमेना. म्हणून तिने नुसतं 'पाहुणा' लिहिलं. चौथ्या आठवड्यात तिने वहीची पानं फोनसमोर धरली तेव्हा दाना वाचता वाचता थांबली.

"मावशी, सकाळी नऊ, पाहुणा. संध्याकाळी सहा, पाहुणा. परवाही तेच. हा कोण पाहुणा आहे जो दिवसातून दोनदा येतो?"

"आहे एक."

"जातो कधी?"

बातिमाला हसू आलं, आणि हसताना तोंड आधीपेक्षा जरा जास्त उघडलं हे तिच्या ध्यानात आलं. दीड बोट झालं होतं. दानाला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "जबड्याचं मी बघते. पाहुण्याचं तुम्ही बघा. एकाचं झालं आणि दुसऱ्याचं नाही, तर सहा महिन्यांत परत इथेच येऊ आपण."

नेमका त्याच वेळी, त्या दिवशी भर दुपारीच, पाहुणा दारातून आत आला. जीभ टाळूला लावून, मूठ हनुवटीखाली धरून बातिमा बसलेली. तिला हात खाली घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

"फोनला तोंड वेंगाडून काय दाखवतेस गं? वेड लागलं का?"

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना," फोनमधून दाना म्हणाली, "मावशी दिसत नाहीत मला."

"ही कोण पोरगी?"

"डॉक्टर आहे, भाऊजी. जबड्याची."

दुइसेनबाय गदागदा हसला, खोकला, आणि घशातलं जे वर आलं ते चुलीच्या राखेत थुंकला. "बाईचं तोंड उघडायला डॉक्टर! बंद करायला असेल एखादी तर सांग, आमच्या काम्शातला लावतो." राखेवर ते थोडा वेळ चकाकत राहिलं. ते काढायचं कोणी? बातिमानेच. तिने फावडं घेतलं तेव्हा तिचे दात घट्ट मिटलेले होते, आणि ठिपका बघायलाही ती विसरली.

ही किळस नुसती चहाची आणि थुंकीची असती तर तिने गिळली असती. संसारात बायका याहून वाईट गिळतात. पण हिचं मूळ एकोणतीस वर्षांपूर्वी होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुइसेनबाय आणि काम्शातला मूल नव्हतं. बातिमाला पहिला मुलगा झाला, येरासिल. चाळिसाव्या दिवशी घरात मेंढी कापली, आणि ते बाळ थोरल्या जावेच्या कुशीत गेलं. असं देतात. पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. त्यात कोणाला वावगं वाटत नाही आणि कोणी आईला विचारतही नाही. त्या दिवशी मेंढीची मुंडी थोरला म्हणून दुइसेनबायपुढे ठेवायची होती. मुंडी पाहुण्यापुढे जाते ती खालचा जबडा काढून आणि वरच्या दाढा पाडून, कारण दातांसकट ठेवली तर त्याच्यावर दात विचकल्यासारखं होतं. ते काम सासूबाईंनी बातिमाला दिलं. "शीक आता, पुढे तुलाच करायचंय," म्हणाल्या. बावीस वर्षांच्या बाळंतिणीने पक्कड घेऊन एकेक दाढ उपटली, आणि ज्याच्यासाठी उपटली त्याने ती मुंडी मिटक्या मारत खाऊन तिचं मूल नेलं.

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक मोठ्या जेवणाची मुंडी बातिमाच करायची. हात चांगला बसला होता. येरासिल तीन घरं पलीकडे वाढला, दुइसेनबायला 'बाबा' आणि तिला 'काकू' म्हणत. आता तो अल्माटीत गाड्या दुरुस्त करायचा. त्याची बायको आक्बोता बाळंतपणाला गावी आली होती. मुलगा झाला होता, आणि येरासिलही सुट्टी काढून आला होता. चाळीस दिवस झाले की दोघं बाळाला घेऊन परत जाणार, असं आक्बोता धरून चालली होती.

तिसाव्या दिवशी दुइसेनबायने बेत सांगितला. बोट चोखून साफ केलं, सदऱ्याला पुसलं आणि म्हणाला, "पहिलं नातवंड आजोबाचं. पोरगं इथेच राहील. तुम्ही दोघं शहरात कामाला, तिथे कोण बघणार त्याला? चाळिसाव्याला मुंडी मला ठेवा, मी कापतो, आशीर्वाद देतो, आणि काम्शात त्याला कुशीत घेईल. काय रे?"

तोलेगेनने मान हलवली. येरासिल ताटातल्या उकडलेल्या कणकेच्या पट्ट्या बोटांनी गोळा करत राहिला. काम्शातने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि ती हसली. आक्बोता बाळाला पाजत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या कानाखाली एक स्नायू टण्णकन वर आला, खाली गेला, परत वर आला. एरवी बातिमाला तो दिसलाही नसता. पण पाच आठवडे ती दानाच्या सांगण्यावरून आरशात तोच स्नायू बघत होती, बोटांनी रगडत होती. पोरीचं सगळं बोलणं त्या एका ठिकाणी येऊन अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोघीच असताना बातिमाने तिच्या गालाला बोट लावलं.

"इथे दुखतं का गं?"

"थोडं."

"ओठ मिटलेले, दात सुटे. असे. सोड. नाहीतर माझ्यासारखी पेज पीत बसशील म्हातारपणी."

आक्बोताने दात सोडले आणि लगेच तिला रडू फुटलं. "काकू, मला माझं बाळ घेऊन घरी जायचंय."

"मग सांग तसं."

"कोणाला सांगू? यांना सांगितलं. तर म्हणतात, मीही असाच वाढलो, माझं काय वाईट झालं? म्हणतात, काकूने तर मला हसत हसत दिलं होतं, बाबा अजून सांगतात." तिने नाक पुसलं. "खरंच हसत होतात?"

हसत! दात आवळून ओठ ताणलेली बाई लांबून हसल्यासारखीच दिसत असणार. आणि ती ताणलेली ओठांची रेघ त्या माणसाने एकोणतीस वर्षं चघळली, पोराला भरवली, लोकांत सांगितली. त्याच्याबद्दलचा तिटकारा तिला जुनाच होता. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला स्वतःच्या त्या तोंडाचाही तितकाच तिटकारा आला. तिने सुरी घेतली आणि बटाटे सोलले.

तोलेगेनपाशी तिने विषय काढून बघितला. तो बसची काच पुसत होता.

"अहो, पोरीचं मन नाही."

"कोणाचं असतं?" तो काच पुसत म्हणाला. "तुझं होतं? पण झालंच ना सगळं नीट. दादांपुढे आता कशाला वाईटपणा घ्यायचा?"

तो वाईट माणूस नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

त्या दहा दिवसांत तिने व्यायाम एकदाही चुकवला नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गाल रगडून रगडून लाल झाले. चाळिसाव्या दिवशी सकाळी दानाचा मुद्दाम फोन आला, कारण शुक्रवार होता आणि दुपारी घरात माणसं असणार होती.

"बोटं घाला बघू. उभी. किती?"

"तीन," बातिमा म्हणाली, बोटं बाहेर काढून.

"तीन? मावशी! कट् वाजलं?"

"नाही."

"दीड महिन्यापूर्वी तुम्हाला माझं नावही नीट घेता येत नव्हतं. आज काय करणार मग या तोंडाचं? काहीतरी छान खा आज."

"बघते," बातिमा म्हणाली.

मेंढी येरासिलनेच कापली. तोलेगेनने मुंडी आणून अंगणात तिच्यापुढे ठेवली आणि गॅसची नळी जोडून दिली. तिने ज्योत लावली. जळक्या लोकरीचा तो वास नाकातून डोक्यात गेला. आयुष्यभर तिच्या केसांना, हातांना, उशीला हाच वास होता. मुंडी भाजली, सुरीने खरवडली, गरम पाण्याने पिवळीधमक होईपर्यंत धुतली. कान साफ केले. डोळे मिटलेले होते. मग तिने पक्कड उचलली, जबडा उघडला आणि आत बघितलं.

मेंढीला वर पुढचे दात नसतात, खाली आठच. पण मागे दाढांच्या रांगा असतात, हिरवट-काळ्या, गवताने रंगलेल्या. बातिमाने पक्कड दाढेला लावली. आतून, घरातून, बायकांचे आवाज येत होते. बाळाच्या चाळिसाव्याच्या अंघोळीसाठी चाळीस चमचे पाणी मोजत होत्या, आणि काम्शातचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "माझ्या राजाला, माझ्या राजाला." आक्बोताचा आवाज त्यात नव्हता.

बातिमाने पक्कड खाली ठेवली. जबडा होता तसा मिटवला. मुंडी पातेल्यात सोडली.

दुपारी जेवण वाढलं. मोठ्या परातीत कणकेच्या पट्ट्या, त्यांवर मांस, कांदा, रश्श्याची वाफ. मुंडी वेगळ्या ताटात, तिच्यावर स्वच्छ पांढरं फडकं. तोलेगेनने ते ताट उचललं तेव्हा फडकं कशाला हे त्याने विचारलं नाही. गरम राहावं म्हणून असेल, त्याला वाटलं असेल. त्याने ताट थोरल्या भावापुढे नेऊन ठेवलं, मेंढीचं नाक त्याच्याकडे करून.

दुइसेनबायने बाह्या वर सारल्या. सुरी घेतली, जिभेने ओठ ओले केले, देवाचं नाव घेतलं. काम्शात त्याच्या शेजारी सरसावून बसली होती, मांडीवर नवी दुलई उलगडून. खोलीच्या टोकाला आक्बोता बाळाला धरून, दात आवळून.

त्याने फडकं उचललं.

मेंढी त्याच्याकडे बघून दात विचकत होती. शिजल्यावर ओठ आक्रसून मागे गेले होते, खालचे आठही दात लांब, पिवळे, बाहेर आले होते. खोलीत ज्याने घास तोंडात घातला होता त्याने तो तसाच धरला. असं ताट या गावात कोणी कधी बघितलं नव्हतं. अशा ताटावरून एका माणसाने शंभर मेंढ्या दंड मागितल्याचं म्हातारे सांगायचे, तेवढंच.

"हे काय आहे?" दुइसेनबाय हळू म्हणाला.

"विसरली असेल, दादा," तोलेगेन घाईघाईने म्हणाला. कपाळाला घाम आला होता. "तिची तब्येत ठीक नाही, जबड्याची औषधं चालू आहेत, गडबडीत... बातिमा, उचल ते, उचल, नीट करून आण."

सगळे तिच्याकडे वळले. ती समोवाराशी बसली होती. तोटीवरचा लाल ठिपका तिच्या डोळ्यांपुढे होता. तिने दात सोडले.

"विसरले नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तीस वर्षांत एकही दात विसरले नाही. पहिले पाडले ते येरासिलच्या चाळिसाव्याला पाडले, भाऊजी, तुमच्यासाठी. हिच्या बाळासाठी नाही पाडणार. मूल आईजवळ राहील."

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तुम्हाला. मुंडी आहे तशी खायची तर खा, आणि आशीर्वाद द्यायचा तर तिलाही द्या. नसेल जमत तर," तिने समोवाराची तोटी सोडली, प्याला काठोकाठ भरू दिला, बशीत सांडू दिला, आणि दोन्ही हातांनी पुढे केला, "हा चहा घ्या."

दुइसेनबायच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. त्याने सुरी ताटात टाकली. रश्श्याचे शिंतोडे त्याच्याच सदऱ्यावर उडाले. "या बाईने बापाच्या घरात माझ्यापुढे दात ठेवले," तो तोलेगेनला म्हणाला, "आणि तू बसलायस!" तोलेगेन खरंच बसला होता. मग दुइसेनबाय उठला. न कापलेल्या मुंडीवरून आशीर्वाद देता येत नाही, आणि आशीर्वाद नाही तर मूल हलत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. काम्शात नवी दुलई तशीच हातात घेऊन रडत त्याच्यामागे गेली. तिचं रडणं अंगणातून बराच वेळ ऐकू येत राहिलं. एवढ्या सगळ्यात बातिमाला वाईट वाटलं ते तिच्या त्या रडण्याचं.

पाहुणे एकेक करून उठले. परातीतलं मांस तसंच राहिलं. आक्बोता सगळ्यांच्या आधी बाहेर पडली होती. बाळाला शालीत गुंडाळून ती सरळ येरासिलच्या गाडीत जाऊन बसली होती आणि दार आतून लावून घेतलं होतं.

येरासिल मात्र दारात थांबला होता. बातिमा परात उचलत होती, तिने ती खाली ठेवली. त्याच्याशी ती इतकी जवळ, एकटी, कधी उभी राहिलेली तिला आठवेना. त्याची हनुवटी तिच्यासारखी होती.

"काकू," तो म्हणाला, "आज बोललीस. तीही चारचौघांत."

"हो."

"मग माझ्या वेळी? तू हसत होतीस म्हणतात."

"हसत नव्हते रे. दात आवळले होते."

"मग बोलली का नाहीस?"

तिने आत शोधलं. रीत होती असं सांगता आलं असतं. सासूबाई होत्या, बावीस वर्षांची होते, काम्शातची कूस रिकामी होती, सगळं खरंच होतं. पण आज तोंड उघडं होतं आणि त्यातून दुसरं काही यायला तयार नव्हतं.

"भ्याले," ती म्हणाली.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

येरासिल तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठाची एक कड वर गेली, नाकपुडी आक्रसली. बातिमाने ते लगेच ओळखलं. मानाच्या जागी बसलेल्या माणसाकडे ती स्वतः तीस वर्षं अशीच बघत आली होती. निरोप न घेताच तो वळला, अंगण ओलांडून गेला आणि गाडीच्या काचेवर त्याने टकटक केलं. आक्बोताने आधी मागे कोणी आहे का ते बघितलं, मग दार उघडलं. बाळ तिच्या मांडीवर होतं, आणि गाडी निघेपर्यंत तिने त्याच्यावरचा हात काढला नाही.